बोटीवरची बरणी

आमच्या सासरी औषधांना नावं नसतात, रंग असतात. पांढरी मोठी तापाची, पिवळी ओकारीची, गुलाबी अंगदुखीची. मासेमारीची बोट समुद्रात जायच्या आदल्या दिवशी सासरे गोळ्यांची पाकिटं आणतात, ओसरीवर बसून कात्रीने एकेक गोळी वेगळी कापतात आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरतात. अख्खी पाकिटं बोटीवर जागा खातात, भिजतात, म्हणून. कापताना नाव कुठल्या कुठे जातं, त्याचं कुणाला काही नाही. बोट किनाऱ्याला लागली की बरणी घरी येते आणि देव्हाऱ्याशेजारी बसते.

मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न करून अर्नाळ्याला आले तेव्हा ती बरणी बघून मला हसूच फुटलं. "आई, हे काय, गोळ्यांचं लोणचं घातलंत?"

"हास, हास," सासू म्हणाली. "याच गुलाबी गोलीनं मला उभी ठेवली. पोटात पोर, डोक्यावर म्हावऱ्याची पाटी. ही खायची नि कामाला लागायचं."

सासूला मुलं तीन झाली. माझा नवरा थोरला, नणंद धाकटी. मधला जन्मला तो रडलाच नाही. त्याचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "देवाचा व्हता, देवानं नेला." आणि उठून वाळत घातलेले बोंबील परतायला जायची.

मला आठवा लागला आणि माझ्या कंबरेने असहकार पुकारला. उठताना जीव जायचा, बसताना जायचा. सासू माझ्यावर जीव टाकणारी बाई, तिला ते बघवेना. बोट तेव्हा दुरुस्तीला किनाऱ्यावर होती, बरणी घरीच होती; एका दुपारी तिने ती उघडली. "घे पोरी. पानी पी नि आडवी हो."

"चालते ना, आई?"

"चालते म्हंजे? तीन बालंतपनं काढलीत मी हिच्यावर!"

घेतली. आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं की संध्याकाळी मीच मागितली. मग रोज सकाळ-संध्याकाळ चहाच्या कपाशेजारी गुलाबी गोळी आपली हजर.

पुढच्या तपासणीला सासू बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा पुन्हा पुन्हा पाहिला. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, म्हणाल्या. मागच्या वेळी तर व्यवस्थित होतं. "मी दिलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेताय का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूने सांगून टाकलं. "कंबर धरली व्हती तिची. मी गोली दिली."

"कोणती?"

"गुलाबी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, औषधाच्या दुकानात निम्म्या गोळ्या गुलाबी असतात."

मग त्यांनी समजावलं. दुखण्यावरच्या काही गोळ्या या दिवसांत पोटातल्या बाळाच्या किडनीवर परिणाम करतात. बाळाला लघवी कमी होते आणि भोवतीचं पाणी आटतं. हृदयालाही त्रास होऊ शकतो. आता सगळं बंद, इथेच राहायचं, बाळ हलतंय का याकडे लक्ष ठेवायचं. "आणि ती गोळी कोणती, ते मला कळायला हवं."

कळणार कसं? बरणी त्याच सकाळी सासऱ्यांबरोबर समुद्रात गेली होती. फोन लागेना. नवरा धक्क्यावर धावला, दुसऱ्या एका बोटीवरच्या वायरलेसवरून त्याने बापाला गाठलं. उत्तर आलं, "गुलाबी दोन हायत. एक अंगदुखीची, एक ग्यासची. नावं कोनाला ठावं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पोराचा जीव टांगणीला लागलाय, आणि या घरात कुणाला ठाऊकच नाही की मी काय गिळलं! सासू कॉटशेजारच्या स्टुलावर बसून होती. घरी जा म्हटलं तरी जाईना, डबा उघडेना. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पोटावर हात ठेवून पडून राहायची. आत जरा वळवळ झाली की हायसं वाटायचं, थांबली की कूस बदलून पुन्हा वाट बघायची. तिला काय काय सुनवायचं ते मी मनात घोळवत होते. बाळ सुखरूप आहे कळलं की एकेक शब्द मोजून ऐकवणार होते.

काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. मी पडद्याकडे बघतच नव्हते, बाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्या हसल्या. पाणी वाढलं होतं, ठोके चांगले होते. वेळेवर बंद केलंत म्हणून निभावलं, म्हणाल्या. यापुढे स्वतःच्या मनाने काही घ्यायचं नाही, बाळ झाल्यावर त्यालाही विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. आणि गोळी पाकिटातून सुटी करून ठेवायची नाही.

मी रडले, अगदी हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसले आणि सासूकडे वळले. शब्द तयारच होते.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. पदराचं टोक मुठीत धरून डॉक्टरीणबाईंसमोर उभी होती.

"बाई, माजा मधला पोर... रडला नाय तो. तवा पन मी हीच खात व्हते. शेवटपत्तुर."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "आजी, इतक्या वर्षांनी ते कसं सांगणार? बाळ दगावायला कारणं पुष्कळ असतात."

"कारन नका सांगू," सासू म्हणाली. "गोलीनं नाय गेला, येवढंच म्हना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांना तसं म्हणता आलं नाही.