सदूतात्यांचं गाऱ्हाणं

सदू पाष्ट्यांच्या तोंडात 'काय खरा नाय' इतकं बसलं होतं, की त्याशिवाय त्यांचं बोलणंच संपत नसे. भात चांगलं आलं, तरी काय खरा नाय. एसटी वेळेवर आली, तरी काय खरा नाय. मिरजोळ्याच्या कारखान्यात ते वॉचमन होते, तिथे साहेबांना सलाम ठोकूनही तेच. मुलीला, मनस्वीला, बघायला पाहुणे आले तेव्हा हे गृहस्थ म्हणाले, "पोर गुणाची हाय. पण काय खरा नाय." बायकोने, तुळसाने, आत भांडं आपटलं. पाहुणे समजूतदार निघाले म्हणून लग्न झालं. तात्या निराश मुळीच नव्हते. जिभेला नुसती खोड होती.

लग्नानंतर नऊ वर्षांनी मनस्वीला दिवस गेले. आठव्या महिन्यात रक्तदाब चढला आणि डोंबिवलीला तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. शिमगा चालू होता. ग्रामदेवीची पालखी दारात आली, आणि नेहमी सगळ्यांच्या वतीने देवीला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालणारे तात्यांचे थोरले भाऊ नेमके घसा बसून गप्प. वाडीने तात्यांना पुढे केलं.

"देवीसमोर त्ये तुमचं बोलू नका हां," तुळसाने बजावलं आणि लेकीला ऐकता यावं म्हणून फोन लावून वर धरला.

तात्यांनी हात जोडले. "आई, तुझी लेकरां सुखी ठेव गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"माझी मनस्वी अडलीय, तिला सुखरूप सोडव गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आई नि बाळ दोघांना हसत घरी आण..." इथे तात्यांची जीभ मोकाट सुटली. "पण काय खरा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी सवयीने, एका सुरात.

मग ढोलसुद्धा थांबला. देवीसमोर घातलेलं गाऱ्हाणं, वर वाडीचा होकार! थोरल्या भावाने बसक्या घशाने समजावलं, "अरे, देवी काय तुला आज वळखते?" पण तात्यांना ते पटलं नाही. पुन्हा जीभ घसरू नये म्हणून त्यांनी तोंडच मिटून घेतलं. मनस्वीचा फोन आला की ते घरामागच्या परड्यात निघून जात. चार दिवस घर कसं ओकंबोकं झालं.

पाचव्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, वजन जरा कमी, पण दोघी ठणठणीत. तुळसाने तिथेच बसकण मारली. तात्या खांबाला टेकून डोळे पुसत राहिले, पण बोलले नाहीत.

मग मनस्वीच फोनवर आली. "आई, बाबांच्या कानाला फोन लाव."

आवाज थकलेला होता. "बाबा, गाऱ्हाणं ऐकून मी इतकी हसले, की नर्स धावत आली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं होतं. मग तुम्ही फोनवर यायचेच बंद झालात. मला वाटलं, डॉक्टरांनी माझं काहीतरी वाईट तुम्हालाच सांगितलंय. बाबा, मला भीती तुमच्या गप्प बसण्याची वाटली."

"नाय गे बाय!" तात्या ओरडलेच. "तसा काय नव्हता, माझ्या बाय!" आणि ते लहान मुलासारखे हमसून रडले. मग गोठ्यातल्या कपिला गाईला पाडा झाला इथपासून चार दिवसांचं साचलेलं सगळं सांगायला बसले, आणि पलीकडे मनस्वी बाळाला कुशीत घेऊन नुसतं "हं, हं" म्हणत ऐकता ऐकता झोपी गेली.