नावाजलेल्या बापाची मुलं

लेकीला शाळेत हिस्टरीचा प्रोजेक्ट मिळाला होता. अमेरिकेच्या रानात सगळ्यांच्या आधी घुसलेला एक नावाजलेला शिकारी आणि त्याची मुलं. बहारीनला, हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजला चार्ट टेकवून ती घडाघडा इंग्रजीत बोलत होती आणि मी ऐकण्याचं नाटक करत होतो. माझा धाकटा भाऊ तीन दिवस सलमानिया हॉस्पिटलात आयसीयूत होता. माझं सगळं लक्ष फोनकडे होतं.

बापाचं नाव झालं आणि मुलांनी ते निस्तरलं, असा एकंदर मामला. थोरला कोवळ्या वयातच नव्या मुलखाच्या वाटेवर मारला गेला. दुसरा तापाने फणफणला होता. लढाईला निघालेल्यांत आपल्या घरचं नाव नाही म्हणून बाप त्याला लागेल असं बोलला, असं सांगतात. पोरगा तसाच उठला, गेला आणि बापाच्या डोळ्यांदेखत पडला.

"पप्पा, बट ही वॉज सिक ना? व्हाय डिडन्ट एनीवन स्टॉप हिम?"

मी खेकसलो, "पुरे झालं. अभ्यास कर." हाच अभ्यास आहे, हे तिला मला सांगावं लागलं.

आमचे अब्बा गावातून बहारीनला आलेले पहिले. रत्नागिरीकडच्या आमच्या पंचक्रोशीतली निम्मी घरं त्यांनी मिळवून दिलेल्या व्हिसांवर उभी आहेत. आता ते गावीच असतात. मशिदीत लोक सरकून त्यांना जागा देतात. माणूस दिलदार, पण आजारपण म्हणजे त्यांना आळसाचाच एक प्रकार वाटतो. रोज इथली फजरची, पहाटेची नमाज झाली की त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "उठलास काय? आनि तो उठला काय?"

तो म्हणजे माझा भाऊ. गावच्या जेट्टीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि मजेत होता. अब्बांनी त्याला एसीचं काम शिकायला लावलं आणि इथे पाठवलं. तुला यायचंय का, असं त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आयसीयूत गेला त्या सकाळी तो चादर ओढून कुडकुडत पडला होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला. तेवढ्यात फोन आला.

"ताप हाय त्याला, अब्बा."

"ताप? एवढ्या वर्सांत मी एक दिवस सिक लीव घेतली नाय. गाव माझ्या पोरांकडं बघतंय. दे त्याला फोन."

आणि मी दिला. चाळिशी ओलांडलेला, स्वतः बाप असलेला माणूस मी. तो आज जाणार नाही, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून फुटलं नाही. त्याची मला आजही शरम वाटते. भाऊ ऐकत राहिला, "जी अब्बा" म्हणाला आणि उठून बसला. बुटाच्या नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला. मी चहाचा कप हातात धरून बघत होतो.

"यल्ला, भाई, निघतो," म्हणून तो गेला.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथे सरकारची बंदी असते; ती लागायला अजून काही दिवस होते. सनाबिसमधल्या एका गच्चीवर एसी उघडता उघडता तो कोसळला. डॉक्टर म्हणाले, ऊन डोक्यात गेलंय, किडन्यांवरही परिणाम झालाय, वाट बघू. अब्बांना मी एवढंच सांगितलं की ताप उतरत नाही म्हणून दवाखान्यात ठेवलंय. ते म्हणाले, "इंशाल्ला, परवापर्यंत कामावर जाईल."

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने डोळे उघडले. मला आत सोडलं तेव्हा त्याने मला ओळखलं. मला रडू आवरेना. त्याचे ओठ हलले, तसा मी कान जवळ नेला.

"किती वाजले, भाई?"

"पाच."

त्याला ते पहाटेचे वाटले. नळ्या लावलेल्या हातावर जोर देऊन तो उठायला लागला. "अब्बांचा फोन येल."

"तू पडून राहा. मी सांगतो अब्बांना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. अब्बांपुढे मी कोण आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने माझा हात बाजूला केला आणि पाय पलंगावरून खाली सोडू लागला. नर्सने धावत येऊन त्याला धरलं. मी बाजूला उभा राहून नुसताच म्हणत होतो, "सांगतो रे, सांगतो."