हालिनाबाईंच्या पियानोवर आईची अंगाई

इथे जर्मनीत, डार्मश्टाटच्या बेकरीत आज खसखशीच्या केकचा वास आला आणि मला लेकीच्या पियानोच्या बाई आठवल्या. हालिनाबाई पोलंडच्या. तिकडे त्यांच्या रचना मोठ्या सभागृहांत वाजायच्या. इथे त्या मुलांना शिकवायच्या. नवरा गेल्यापासून त्यांनी नवं काही रचलं नव्हतं.

लेक त्यांच्याकडे शिकत असताना एका वर्षी पुण्याहून आई आली होती. बाबा गेल्यावर तिचंही गाणं थांबलं होतं. एका दुपारी शिकवणी संपल्यावर बाई घरी केलेला खसखशीचा केक कापत होत्या, आणि खिडकीशी बसलेली आई नकळत अंगाई गुणगुणू लागली. बाईंचा हात थबकला.

"आजीला म्हणावं, थांबू नका," त्या लेकीला जर्मनमध्ये म्हणाल्या.

आई संकोचली. "अगं, आवाज कुठे राहिलाय आता?"

बाई पियानोशी बसल्या आणि आईच्या सुराखाली हलकेच एकेक स्वर ठेवत गेल्या. आई मोकळ्या आवाजात गायली.

तेव्हा वाटलं, बाई आईला धीर देताहेत. आज त्यांच्या वयाला पोचल्यावर कळतं, धीर दोघींनाही हवा होता.

पुढच्या वसंतात बाईंची नवी रचना इथल्या चर्चमध्ये वाजली. मी ती फोनवरून आईला ऐकवली. ऐकून ती म्हणाली, "छान झालंय. बाईंना सांग, पुढच्या खेपेला मी तानपुरा घेऊन येते."