पहिल्या घोटाचा हक्क

आमच्या देऊळघाटात मुन्शीजींइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. कुत्र्याला भीत, हे एक वेळ समजू. ते कोंबड्यालाही भीत. एसटीत चढताना आधी कंडक्टरला सलाम करत, न जाणो त्यानं खाली उतरवलं तर. नाल्याला पाणी नसलं तरी चपला हातात घेऊन ओलांडत. पोलीस पाटील समोरून येताना दिसला की बोळात वळत, आणि पाटील बिचारा तंबाखू मागायला निघालेला असे. लिहिताना त्यांचा हात थरथरायचा, चहा पिताना बशी वाजायची. गावात त्यांना ‘थरथरे मुन्शी’ म्हणत, आणि कोणी तोंडावर म्हटलं तरी ते मान हलवून कबूल करत.

सकाळी ते मशिदीत मुलांना कुराण शिकवत आणि दुपारी माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहीत. मी मिरचीचा व्यापारी. बापानं माझ्यासाठी एक तागडी ठेवली होती, तीही एका बाजूला झुकणारी. बाकी सगळं मी माझ्या जिभेवर मिळवलं. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण बाजार मराठीचा आणि माझी चार इयत्तांची शाळाही मराठीच, म्हणून हे मराठीत लिहितो. आधीच सांगून टाकतो, मुन्शीजींबद्दल माझी एक तक्रार आहे. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तक्रार अजून आहे तिथेच आहे.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कचेरीतले शिक्के बदलले होते, नमुने बदलले होते, आणि दर महिन्याला एखादा नवीन कायदा आल्याचं कानावर येई. मुन्शीजी प्रत्येक कायद्याला भीत. अर्ज लिहून झाला की त्याच्या तळाशी एक ओळ घालत: ‘अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिले. खरेखोटे अल्ला जाणे.’ बुलढाण्याच्या कचेरीतला कारकून ती ओळ लाल शाईनं खोडायचा. एकदा त्यानं त्यांना समोर उभं करून झापलं, की सरकारी कागदावर अल्लाला साक्षीदार करता येत नाही. त्या दिवसापासून मुन्शीजी तीच ओळ कागदाच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या उर्दू अक्षरात लिहू लागले. सोडली मात्र नाही.

मी त्यांची थट्टा करायचो. म्हणायचो, सरकारचा कायदा निदान छापील मिळतो, तुमच्या कायद्यावर तर मौलवी-मौलवींचं पटत नाही. ते रागावत नसत. त्यांचं म्हणणं असं, की कायदा वरून आला तो पुरा आहे, त्याला पुरवणी लागत नाही. पण तो समजून घेणारी डोकी माणसांची. चार इमामांनी चार तऱ्हेनं समजून घेतला, चौघंही भीत भीत. “म्हणून तं भेव वाटते, सेठ,” ते म्हणत. “कायदा चुकत नाई. आपूनच चुकून वाचून राह्यलो असू तं?”

एक प्रसंग आधी सांगायला हवा, नाहीतर माझी तक्रार कळणार नाही. एकदा साखरखेर्ड्याचा एक शेतकरी गाडीभर मिरची घेऊन आला होता आणि मी त्याच्याशी भाव करत होतो. मुन्शीजी मधेच म्हणाले, “सेठ, खालच्या पोत्यातली मिरची ओली हाय वाटते.” ते खरं होतं, पण ते मला आधीच दिसलं होतं आणि मी तो पत्ता शेवटी टाकणार होतो. सौदा बिघडला. मी त्यांच्यावर असा ओरडलो की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. मी म्हटलं, मी भाव करत असताना पुन्हा तोंड उघडलंत तर या ओट्यावर बसायचं नाही. मुन्शीजींच्या हातातली दौत सांडली. त्यांनी ती शाई स्वतःच्या रुमालानं पुसली.

आता जागेचं. माझ्या दुकानाला लागून एक घर होतं. दोन्हींचा बाहेरचा दरवाजा एकच, त्यातून आत गेलं की डावीकडे मी आणि उजवीकडे ते घर. मला मिरची साठवायला ती जागा हवी होती. घरमालक हैदराबादेला लेकाकडे जाणार हेही मला माहीत होतं. मी मुद्दाम गप्प होतो. गरजू माणसानं आधी बोलायचं असतं, हे माझं बाजारातलं शिक्षण.

एका सकाळी रहीम पिंजारी हातात गुळाचा खडा घेऊन दुकानात आला. पिंजणाची तात ओढून कापूस पिंजणारा, गाद्या भरणारा साधा माणूस. मी बशीत चहा ओतून तोंडाशी नेला होता. मुन्शीजी ओट्यावर लिहीत होते, माझा हमाल शंकर पोती शिवत होता. रहीम म्हणाला, “सेठ, तोंड गोड करा. शेजारी आलो तुमचा. घराची खरेदी काल झाली.”

मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बशी संपवली. कपातला उरलेला चहा बशीत ओतला, तोही संपवला. मग मिशा पुसून विचारलं, कितीला पडलं? त्यानं सांगितलं. मी म्हटलं, महाग घेतलंस, तरी वर थोडं देतो, मला देऊन टाक. तो हसला. मी आणखी थोडं वाढवलं. तो म्हणाला, “नाई सेठ, पोराइले घेऊन भाड्याच्या घरात लय फिरलो.” गुळाचा खडा ठेवून तो गेला.

मुन्शीजींचा टाक थांबलेला होता. हात इतका थरथरत होता की कागदावर शाईचे ठिपके पडले होते. मी विचारलं, काय झालं? तेव्हा त्यांनी सांगितलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शरियतमध्ये शुफा म्हणून एक हक्क आहे. शेजारची जागा विकली गेली, विशेषतः दरवाजा सामाईक असला, तर शेजाऱ्याला ती त्याच किमतीत घेण्याचा पहिला हक्क. पण बातमी कानावर पडताच त्या जागेवरून उठून ‘मी माझा हक्क मागतो’ असं म्हणावं लागतं. ताबडतोब. थांबला तर हक्क गेला. घेणाऱ्याशी भाव केला तर गेलाच गेला, कारण भाव करणं म्हणजे जागा त्याची झाली हे कबूल करणं.

“तुमचा हक होता, सेठ,” मुन्शीजी खाली बघत म्हणाले. “पैल्या घोटाच्या आधी होता.”

मी कप भिंतीवर फेकला. म्हटलं, तुम्ही इथे दोन हातांच्या अंतरावर बसला होता. एक शब्द, ‘उठा’, एवढा एक शब्द तोंडातून निघाला नाही?

ते म्हणाले, “तुमीच सांगितलं होतं, भाव चालू असताना मधात बोलू नोका. मी भेलो.”

ही माझी तक्रार. कायदा त्यांना माहीत, ओटा माझा, चहा माझा, आणि गप्प राहिले ते. मी रागीट आहे हे खरं, पण रागीट माणसाच्या ओट्यावर बसणाऱ्यानं तेवढी हिंमत ठेवायला नको?

मी त्याच दुपारी बुलढाण्याला वकिलाकडे गेलो. तो खूश झाला. म्हणाला, नुसत्या शेजाऱ्याचा हक्क वरच्या कोर्टानं आता मोडीत काढलाय, पण तुमचा दरवाजा सामाईक आहे, दावा उभा राहतो. कागदावर त्याला ‘अग्रक्रयाधिकार’ असं जड नाव आहे. फक्त एक सिद्ध करावं लागेल, की बातमी ऐकताक्षणी तुम्ही उठलात आणि मागणी केलीत. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, साक्षीदार कोण? संध्याकाळी मी त्या घराच्या दारात उभं राहून चार माणसांसमोर मागणी केली. कायद्याला लागणारी ही दुसरी मागणी खरी होती. पहिलीच तेवढी नव्हती.

शंकर हमाल तयार झाला. तो म्हणाला, मालक उठले असतील, माझी पाठ होती. राहिले मुन्शीजी. मला वाटलं होतं, सगळ्यात सोपं हेच काम. कोंबड्याला भिणारा माणूस माझ्यापुढे कुठे टिकतो? मी त्यांना आधी गोडीनं सांगितलं, हक्क तर माझाच होता, तुमच्याच शरियतनं दिलेला, दोन घोटांचा काय तो फरक. मग ओटा बंद करीन म्हटलं. मग दारं लावून, अगदी जवळ जाऊन, असं काही बोललो की ते इथे लिहीत नाही. ते भिंतीला टेकून उभे होते आणि दातावर दात वाजत होते.

“सेठ, तुमाले मी लय भेतो,” ते म्हणाले. “पण तुमच्यापासून पळून मशिदीत जाता येते. तिकडून पळालो तं कुठं जाऊ?”

रहीमनं त्यांनाच साक्षीला बोलावलं.

तारखेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. तोवर मी कुणाला भ्यालो नव्हतो. आता रस्त्यात मुन्शीजी दिसले की मीच बोळात वळायचो. एक थरथरणारा म्हातारा माझं सगळं नाव धुळीला मिळवणार असं दिसत होतं. मशिदीत नमाजाला उभा राहिलो तर पुढच्या रांगेत त्यांची पाठ असे, आणि मला कुराणातल्या आयती आठवत नसत.

कोर्टात आधी मी उभा राहिलो. खुदाला स्मरून खरं सांगेन म्हटलं. माझा आवाज ठणठणीत होता. सांगितलं, बशी तोंडाला लावलीही नव्हती, ताडकन उठलो आणि हक्क मागितला. हात जरासुद्धा हलला नाही.

मग मुन्शीजी. पिंजऱ्यात चढताना त्यांनी शिपायाला सलाम केला. शपथ तीनदा अडखळली. जे घडलं ते त्यांनी सगळं सांगितलं, बशी, दुसरी बशी, भाव, पण इतक्या बारीक आवाजात की न्यायाधीशांना दर वाक्य दोनदा विचारावं लागलं. माझा वकील उठला.

“तुम्हाला कोणी धमकी दिली आहे?”

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. “हाव.”

कोणी, हे वकिलानं विचारलं नाही. त्याला फी मी त्याचसाठी दिली होती. त्यानं विचारलं, “तुम्ही कोणाला भिता?”

“सगळ्याईले, साहेब.”

“रहीम पिंजाऱ्याला?”

“त्यालेही. त्याच्या पिंजणाच्या तातीचा आवाज लय मोठा हाय.”

सगळं कोर्ट हसलं. वकील खाली बसला. निकालात लिहिलं गेलं की हा साक्षीदार दबावाखाली आणि घाबरलेला दिसतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. वादी निःशंकपणे बोलला. जागा माझी झाली.

रहीमनं दिलेली किंमत मी कोर्टात भरली, पैसुद्धा ठेवली नाही. तो पिंजण खांद्यावर टाकून, मुलं पुढे घालून धामणगाव बढ्याला मेव्हण्याकडे गेला. जाताना सामाईक दरवाज्यातून त्याला माझ्यासमोरूनच जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मुन्शीजी दुकानात आले. ओट्यावर बसले नाहीत. मला वाटलं, आता बोल लावतील, आणि मी तोंड तयार ठेवलं होतं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

“माफी द्या, सेठ. मी खरं बोललो, पण नीट नाई बोललो. थरथरलो. जज साहेबानं कागद पाह्यला, त्याइचं काम तेवढंच. पण खोट्यावर भेटलेली जागा जागा नसते, निखारा असते. मी थरथरलो नसतो तं तुमी वाचले असते.”

मी एवढंच म्हटलं, चहा घ्या. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. पुढे ते समोरच्या न्हाव्याच्या पायरीवर, उन्हात बसून अर्ज लिहीत. मी चहा पाठवायचो, कप तसाच परत यायचा. दोन वर्षांनी मलकापूरला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. मी मातीला गेलो, पण मागे उभा राहिलो.

एकदा मी ते निखाऱ्याचं वाक्य डोक्यावरून उतरवायचा प्रयत्न केला. धामणगावच्या बाजाराला गेलो होतो, तिथून रहीमकडे गेलो आणि म्हटलं, जागा परत घे. त्यानं पिंजण थांबवलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, की त्या गल्लीत आता भाव चढलेत, पण तुझ्यासाठी मी थोडं कमी करीन.

तो म्हणाला, “सेठ, वापस द्याले आले का विकाले?”

मी म्हटलं, बसून बोलू. त्यानं तात पुन्हा ओढली. त्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना, आणि मी शेवटची एसटी गाठायला उठलो. पुन्हा जाईन म्हणेपर्यंत रहीमही वारला. त्याची मुलं कुठे पांगली, कोणी सांगत नाही.

जागा आहे. तिच्यात मिरची भरतो. माणसं आत जातात, मी उंबऱ्यावरून बघतो. मुन्शीजींवरची माझी तक्रार अजून तीच आहे, ‘उठा’ म्हणाले असते तर ही जागा हक्कानं माझी असती. कधी कधी वाटतं, वर गेल्यावर हीच तक्रार तिथे मांडीन. मग आठवतं, त्यांना तोंड बंद ठेवायला कोणी सांगितलं होतं ते तिथे आधीच लिहिलेलं असेल, आणि तळची ती खऱ्याखोट्याची ओळ तिथे कोणी लाल शाईनं खोडलेली नसेल.

अलीकडे माझेही हात थरथरतात. डॉक्टर म्हणतात वय आहे. दुकानात कोणी बातमी घेऊन आलं की मी हातातली बशी आधी खाली ठेवतो. चहा तसाच निवतो. समोरचा विचारतो, “काऊन सेठ, प्या ना?” मी म्हणतो, तू आधी सांग.