तीस फॉर्म, सगळे हसरे

"मॅडम, यात निगेटिव्ह मार्किंग आहे का?"

इराच्या आईने मला हे भर ओपीडीत विचारलं. हातात आमचा फॉर्म होता. मी म्हटलं, "अहो, ही परीक्षा नाही. बरोबर-चूक काही नसतं. इराला जे वाटतं ते तिने सांगायचं."

"हो हो, कळलं. घरी नीट भरून आणते," म्हणत त्यांनी फॉर्म पर्समध्ये टाकला. बाहेर रांग लागली होती. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी दुबईतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये पेडियाट्रिक सायकॉलॉजिस्ट आहे. नाव भारदस्त, काम साधं. आजार शरीराचा असतो, पण रोजची सुई, पथ्य आणि वर्गातल्या नजरा पोराला सोसायच्या असतात. त्याने मनाचं काय होतं, ते बघणं माझं काम. इथे याची गरज ढीगभर, आणि शिकायची सोय? शोधत बसा! लायसन्सला अनुभव लागतो. अनुभवासाठी ट्रेनीची जागा लागते. जागा मागायला गेलं की एचआर विचारतं, "लायसन्स आहे?" कपाळ माझं!

सानिका याच चक्रात अडकली होती. इथल्याच अल नहदा भागात वाढलेली, इथेच मास्टर्स केलेली, कामाला वाघ. मोठ्या बहिणीला लहानपणापासून मधुमेह, त्यामुळे तिला हेच काम करायचं होतं. वडील हमरियात एका कंपनीत मॅनेजर. त्यांनी तिच्यासाठी तिथे एचआरची खुर्ची पुसून ठेवली होती. माझ्याकडे जमलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून ती तिथे लोकांच्या रजा मोजणार होती.

आमचे मेडिकल डायरेक्टर डॉ. हानी इजिप्तचे. स्वतः मुलांच्या मधुमेहाचे डॉक्टर. ट्रेनीची एक जागा द्या म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे होते. शेवटी ते म्हणाले, "दॉक्तोरा, एक छोटा स्टडी करून दाखवा. तीस मुलं. महिनाअखेरीस बोर्ड मीटिंग आहे, त्याआधी. आवडला तर एक सीट. नाही तर खलास."

एथिक्स कमिटीची परवानगी मिळाली. वीस प्रश्न ठरले. 'शाळेत इंजेक्शन घेताना कसं वाटतं?' असले. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे, खळखळून हसणाऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत. मुलाने एकावर गोल करायचा. तीन आठवड्यांत किती फॉर्म परत यावेत? सहा, तेही अर्धवट.

तेव्हा सानिकाची आई, वैशालीताई, मदतीला धावल्या. मधुमेही मुलांच्या आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्याच्या त्या अ‍ॅडमिन. "मॅडम, तुम्ही निश्चिंत राहा. चार दिवसांत तीस करून देते." मीही हो म्हटलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

चौथ्या दिवशी नवे तीस फॉर्म टेबलावर. मी खूश. सानिकाचा मात्र चेहरा उतरलेला. "मॅम, this is weird. सगळे हसतायत."

खरंच. वीसच्या वीस प्रश्नांना, तीसच्या तीस पोरांनी खळखळून हसणारा चेहरा निवडला होता. सुई आवडते. पथ्य आवडतं. वाढदिवसाला केक न खाणं तर फारच आवडतं!

मी इराची फाइल काढली. वय अकरा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आभाळाला भिडलेला, आणि फॉर्मवर 'इंजेक्शन वेळेवर घेणं जमतं का?' यापुढेही तोच हसरा चेहरा. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. रिपोर्टला कोणी शिकवून पाठवत नाही.

इराला बोलावलं. मी विचारलं, "शाळा कशी आहे?" आई म्हणाली, "छान आहे." मी विचारलं, "मैत्रिणी?" आई म्हणाली, "खूप आहेत." तिसऱ्या प्रश्नाला मी आईला हात जोडून कॅफेटेरियात पाठवलं.

दार लागलं तशी इरा म्हणाली, "Mamma told me what to circle. Sanika didi's mom sent the answers."

सानिका माझ्या शेजारीच बसलेली. तिने मान खाली घातली.

"बरं," मी म्हटलं, "आता तुझं सांग."

ती हळूच बोलली. "In school I go to the washroom. I press the pen in the basin. The girls say I'm on drugs."

म्हणजे पेनमधलं इन्शुलिन रोज कमी होत होतं. आई मोजत होती, हिशेब जुळत होता. औषध मात्र पोरीच्या अंगात नाही, शाळेच्या गटारात जात होतं. "हे आईला सांगायला लागेल. तू सांगतेस की मी?" मी विचारलं. ती म्हणाली, "You. But I'll sit here."

मी सांगितलं. इराच्या आईने एकच विचारलं, "रोज?" इराने मान हलवली. आई तिथेच तिला कुशीत घेऊन रडली.

तळपायाची आग मस्तकात घेऊन मी वैशालीताईंना फोन लावला. त्यांना काही वाटेचना. "अहो मॅडम, बायका घाबरल्या होत्या. फाइलला वाईट काही लागलं तर? म्हणून मी नमुना उत्तरं टाकली. सगळी पॉझिटिव्ह! सानिकाचाही रिझल्ट चांगला दिसेल ना."

"ताई, तुम्ही तिचा स्टडी बुडवलात."

"असं कसं? तीस पूर्ण झाले की!"

त्याच दुपारी आम्ही डॉ. हानींकडे गेलो. त्यांनी फॉर्म चाळले होते. "माशाल्ला! बोर्डाला हेच हवंय. पाठवून द्या."

मी काही बोलायच्या आत सानिका उभी राहिली. "सर, ही तीस मुलांची उत्तरं नाहीत. एकट्या माझ्या आईची आहेत."

डॉक्टर वैतागले. "मीटिंग गुरुवारी आहे. आज हे मागे घेतलं तर सीट नाही, कळतंय?"

"कळतंय सर." खुर्चीत काही ती बसली नाही.

मग मी इराचं सांगितलं. त्यांनी लगेच कॉम्प्युटरवर तिची फाइल उघडली. "ती सगळे डोस घेते असं धरून मी आज तिचा डोस वाढवलाय," ते म्हणाले. वाढलेला डोस तिने एखाद्या सुट्टीत घरी खरोखर पूर्ण घेतला असता, तर साखर धाडकन खाली येऊन पोर बेशुद्ध पडली असती. त्यांनी आमच्यासमोरच प्रिस्क्रिप्शन रद्द केलं आणि इराच्या घरी स्वतः फोन केला.

गुरुवारी सीट मिळाली नाही. बोर्डाने विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. सानिकाच्या वडिलांनी हमरियाची तारीख कशीबशी लांबवली. वैशालीताईंनी मुलीशी आठवडाभर अबोला धरला. आम्ही पुन्हा सुरुवात केली. मूल आत, पालक कॅफेटेरियात. तीस काही झाले नाहीत, बाराच झाले. बारांपैकी फक्त दोन मुलं सगळीकडे हसत होती, आणि त्या दोघांना मी परत बोलावलं.

पुढच्या मीटिंगला ते बारा फॉर्म डॉ. हानींनी स्वतः मांडले. सहा महिन्यांची ट्रेनी सीट मिळाली. वर्षाची मागितली होती, सहाची मिळाली. इथे हेही पुष्कळ.

रिसर्च रिपोर्टमध्ये शेवटी 'मर्यादा' नावाचा भाग असतो. आपलं काय चुकलं, ते तिथे कबूल करायचं. सानिकाने लिहिलं होतं, 'पहिले तीस फॉर्म रद्द. कारण: आई.' मी ते खोडून 'पालकांचा हस्तक्षेप' केलं. पोरीने परत 'आई' लिहिलं. शेवटी मीच हात टेकले. रिपोर्ट तसाच गेला, आणि खाली सुपरवायझर म्हणून सही माझी आहे.