म्हाताऱ्या नराचा नंबर

डेन्मार्कच्या जटलंडमधल्या आमच्या गावात वर्नर केअरगोरला दोन गोष्टींचा गर्व होता : आपल्या डुकरांचा आणि आपल्या फुप्फुसांचा. एकाहत्तराव्या वर्षीही तो सायकलवर गात यायचा आणि गाणं सायकलच्या आधी पोचायचं. त्याची बायको युटे मात्र दम्याची. जिना चढली की किटलीसारखी वाजायची. "पाणी उकळलं गं," वर्नर म्हणायचा. ती हसायची, आणि हसल्यामुळे आणखी वाजायची.

२००९च्या नोव्हेंबरात डुकरांच्या नावाचा तो नवा फ्लू आला. मागोमाग लस आली, पण थोडीच. आमच्या डॉक्टर टोव्हे गावच्या सभागृहात समजवायला आल्या.

"दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले आणि गरोदर बायका यांना आधी. धडधाकट म्हाताऱ्यांनी थांबायचं. असाच एखादा फ्लू त्यांना तरुणपणी होऊन गेलेला दिसतो, त्यामुळे त्यांना धोका कमी."

"म्हणजे मी थांबायचं?" वर्नर उखडला.

"तू डुकरांना लस टोचतोस, तेव्हा आधी कोणाला?"

"गाभण असतील त्यांना. मग खोकणाऱ्यांना."

"आणि म्हातारा नर?"

"त्याला कशाला इतक्यात..." वर्नरनं जीभ चावली. सभागृह असं हसलं की केकवर कॉफी सांडली. दुसऱ्या दिवसापासून दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोलपंपावर एकच : "काय म्हाताऱ्या नरा, बरं आहे ना?"

लसीच्या दिवशी युटेनं कोट चढवला.

"निघाली खोकणारी!" वर्नर म्हणाला. "गाव आधीच माझ्यावर दात काढतंय, त्यात तू रांगेत पहिली!"

"अरे, दम्याचीच रांग आहे ती."

"थोडं थांब. माझा नंबर लागला की दोघं मिळून जाऊ."

"तुझा नंबर नाताळाला लागेल, येड्या!"

"मग नाताळाला जाऊ."

त्याचं फुगलेलं तोंड तिला कधीच बघवायचं नाही. तिनं कोट खुंटीला अडकवला आणि बटाटे सोलायला बसली.

पुढच्याच आठवड्यात वर्नर पत्त्यांच्या अड्ड्यावरून शिंकत आला. दोन दिवस नाक गळलं, वाटाण्याचं सूप प्यायला आणि पुन्हा गाऊ लागला. मग युटेला ताप भरला. इस्पितळात तिच्या घशात नळी घातली, त्यामुळे तिचं वाजणं थांबलं. यंत्र तेवढं वाजत राहिलं. शेवटी तेही बंद केलं.

नाताळाच्या आधी लस सगळ्यांसाठी आली. रांगेत सगळ्यात पुढे वर्नर, बाही वर करून.

"तुला आता लस लागणार नाही," टोव्हे हळूच म्हणाल्या. "तुला तो फ्लू होऊन गेलाय. ती सर्दी नव्हती, वर्नर."

वर्नरनं बाही खाली ओढली.

"म्हणजे तिला तो माझ्याकडून..."

"हो."

मागून कुणीतरी म्हणालं, "सरका जरा, रांग मोठी आहे." वर्नर बाजूला झाला. बाहीचं बटण त्याला काही केल्या लावता येईना. ते आजवर युटेच लावायची.