काचवाले अप्पा

तुम्हाला कुणी विश्वासाने दिलेलं रोप आज तुमच्या घरी जिवंत आहे का? उत्तर देण्याआधी उठून बघून या. आमच्या इथल्या मराठी मंडळात कुणीच बघितलं नव्हतं, आणि उत्तर मात्र सगळ्यांनी दिलं होतं.

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावचे अप्पा काखेत काच घेऊन फिरायचे. लोकांनी खिडक्या बदलल्या की जुन्या काचा रस्त्याकडेला पडतात. त्या ते उचलत, कडा घासत आणि अंगणातल्या कुंड्यांवर विटांच्या आधाराने तिरप्या बसवत. कुंड्यांत असायचं हाउसलीक: जाड, रसाळ पानांचं, दगडात कोरलेल्या गुलाबासारखं दिसणारं रोप. जानेवारीत स्वतः अप्पा माकडटोपी, मफलर आणि दोन स्वेटरांत. रोपं उघड्यावर बर्फात. "थंडीचं त्यांना काही नाही," ते म्हणत. "मुळाशी ओल राहिली की मात्र खलास. डोक्यावर काच, बाजूंनी वारा. बस्स."

दोन हजार सालानंतर पुण्याहून सॉफ्टवेअरवाली कुटुंबं जवळच्या रीडिंग शहरात धडाधड येऊ लागली, आम्हीही त्यातलेच. मंडळाच्या दिवाळीत प्रत्येक नव्या घराला अप्पा एक कुंडी देत. मातीत निम्मी बारीक खडी, वर एकच गडद लाल रोप. ते कमलकाकूंचं, अप्पांच्या बायकोचं. लग्नानंतर स्लाऊच्या एका खोलीत राहत असताना घरमालकिणीच्या पोर्चवरून काकूंनी त्याचं पहिलं पिल्लू, म्हणजे बुडाशी फुटणारं छोटं रोप, मागून घेतलं होतं. काकू गेल्या, पिल्लं वाढत राहिली. अप्पांची अट एकच: "वसंतात एक पिल्लू मला परत. माझं मेलं तर तुझ्याकडे असेल."

"काळजी नको अप्पा," आई म्हणाली होती. "आमच्याकडे सेंट्रल हीटिंग आहे."

"अगं वैशाली, हीटिंग तुला! त्याला बाहेर ठेव."

आईने कुंडी रेडिएटरवरच्या खिडकीत ठेवली. आंघोळ झाली की तुळशीला घालतात तसं तिला रोज तांब्याभर पाणी. घरोघरी हेच चाललं होतं. गुलाब लांबुळका झाला, फिका पडला, बुडाशी मऊ झाला. आईने नाक मुरडून तो कुंडीसकट शेडमागे भिरकावला. अप्पा फोनवर विचारत तेव्हा उत्तर ठरलेलं: "मस्त आहे, अप्पा!"

मग तो मोठ्या बर्फाचा हिवाळा आला. अप्पा खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते. त्यांच्या मुलाला रोपांची दया आली. त्याने सगळ्या कुंड्या काचा बाजूला सारून घराला जोडलेल्या काचेच्या खोलीत, गरम कॉन्झर्व्हेटरीत आणल्या आणि मनापासून पाणी घातलं. अप्पा काठी टेकत घरी आले तेव्हा कुंड्यांत चिखल होता.

पाडव्याच्या कार्यक्रमात ते प्रत्येकापाशी गेले. "कमलचं पिल्लू आहे ना तुझ्याकडे?" सगळ्यांचं "हो, मस्त आहे." "मग न्यायला येतो." त्यासरशी कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणी सुट्टीत भारतात निघालं होतं, कुणाचं गार्डन खणून ठेवलेलं होतं. एवढी शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं. 'मेलं' हा एक शब्द कुणाच्या तोंडून निघेना.

ते आमच्याकडे न सांगताच आले, बसने, काखेत काच. आई सरबत करते म्हणाली. ते सरळ मागच्या गार्डनमध्ये गेले, कुंडी कुठे दिसेना तेव्हा काठीने शेडमागचा पालापाचोळा सारला. तिथे, छपराच्या वळचणीखाली, कोरड्या खडीवर आडव्या पडलेल्या कुंडीतून लाल गुलाब बाहेर आला होता. भोवती पिल्लं. फेकलं गेलं म्हणून जगलं होतं.

"मुद्दामच बाहेर ठेवलं होतं, अप्पा," आई घाईने म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत ना!"

अप्पांनी आडव्या कुंडीकडे पाहिलं, मग आईकडे. "हो का? शाब्बास."

त्यांनी दोनच पिल्लं काढून रुमालात घेतली. खाली बसवत नव्हतं तरी बसले, कुंडी उभी केली आणि सोबत आणलेली काच तिच्यावर तिरपी ठेवली. सरबत न घेता गेले. मीही आईशेजारी उभी होते. अन्यायाविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारी मी, तेव्हा एक अक्षर बोलले नाही.

पुढच्या वर्षी अप्पा गेले. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "अप्पांची रोपं आज आपल्या प्रत्येकाच्या घरी बहरताहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाशीही आम्ही खोटंच बोललो. त्या दिवसापासून मंडळाच्या हॉलमध्ये मला मान वर करता येत नाही.

म्हणून एवढं करा. तुमची कुंडी जिवंत असेल तर ती उबेतून आजच बाहेर काढा, डोक्यावर काच द्या आणि वसंतात एक पिल्लू परत करा. मेली असेल, तर ज्याने दिली त्याला फोन लावा. हवापाण्याच्या गप्पा नकोत. पहिलंच वाक्य हे म्हणा: "तुमचं रोप माझ्याकडून मेलं." तो माणूस अजून फोन उचलतोय, तोवर म्हणा.